युजीन डेब्स : कैदी नंबर ९६५३

अमेरिकेत १९२० साली नोव्हेंबरच्या दोन तारखेला राष्ट्राध्यक्षाची निवडणूक झाली. त्या निवडणुकीत नऊ लाखांवर लोकांनी ज्या गृहस्थांना मत दिले, ते त्या दिवशी अटलांटा शहरातल्या तुरुंगात होते. अंगावर कैद्याचे कपडे, नंबर ९६५३. वयाची पासष्ट वर्षे पुरी व्हायला तीन दिवस कमी होते. त्यांचे नाव युजीन व्हिक्टर डेब्स. नऊ लाख लोकांनी त्यांना मते दिली ती सरकारने मोजली, पण त्यांचे स्वतःचे एक मत सरकारला चालत नव्हते. आणि योगायोग असा की, सबंध अमेरिकेतल्या बायकांना मताचा हक्क मिळाला तो त्याच वर्षीच्या ऑगस्टात. म्हणजे घरी केटबाईंना हक्क आला, तेव्हा यजमानांचा गेलेला होता.

भगिनींनो, निवडणुकीच्या दिवशी आपण सकाळची कामे आटोपून शाळेत रांगेला उभ्या राहतो, बोटाला शाई लावून घेतो आणि घरी येऊन आमटी फोडणीला टाकतो. ह्यात काही विशेष केले असे आपल्याला वाटतही नाही. ज्याच्याकडून ते काढून घेतले त्याचे काय होत असेल, हा विचार डेब्स ह्यांचे चरित्र वाचताना माझ्या मनात प्रथम आला. म्हणून ते जमेल तसे इथे सांगते.

इंडियाना नावाच्या राज्यात टेरे होट हे गाव आहे. तिथे ५ नोव्हेंबर १८५५ रोजी युजीनचा जन्म झाला. आईवडील मूळचे फ्रान्सच्या आल्सास भागातले, कोल्मार गावचे. वडील गिरणीवाल्याच्या घरातले आणि आई गिरणीत काम करणारी मुलगी. वडिलांच्या घरी हे पसंत नव्हते. दोघांनी अमेरिकेची वाट धरली आणि १८४९ साली न्यूयॉर्कला लग्न केले. पण परक्या देशात वडिलांना धड काम लागेना. शेवटी आईने जवळ उरलेले पैसे किराणा मालात घातले आणि घराच्या पुढच्या खोलीतच दुकान मांडले. ते चालले, आणि त्या दुकानावर घर वर आले. चरित्रात हे दोन ओळींत उरकले जाते. मी मात्र तिथे बराच वेळ थांबले. जवळची शेवटची पुंजी डाळी-पिठात घालायला किती धीर लागतो, हे घर चालवणाऱ्या बाईलाच ठाऊक.

वडिलांना वाचनाचे वेड होते. मुलाचे नाव त्यांनी युजीन स्यू आणि व्हिक्टर ह्यूगो ह्या दोन फ्रेंच लेखकांवरून ठेवले. ह्यूगोची ल मिझराब्ल ही कादंबरी मुलाच्या मनात जन्मभर राहिली. पाव चोरल्यावरून एकोणीस वर्षे तुरुंगात काढलेल्या माणसाची ती गोष्ट आहे. तो माणूस सुटतो, पण त्याच्याजवळ सरकारने दिलेला पिवळा कागद असतो. गावोगाव तो दाखवावा लागतो आणि दाखवला की कोणी त्याला जेवू घालीत नाही की निजायला जागा देत नाही. तुरुंगाचे दार मागे राहते आणि शिक्षा त्याच्या बरोबर चालत राहते. युजीनच्या आयुष्यात पुढे काय यायचे होते ते पाहिले म्हणजे ह्या पुस्तकाची आठवण होते.

चौदाव्या वर्षी त्याने शाळा सोडली आणि १८७० साली रेल्वेत लागला. इंजिनांवरचा जुना रंग आणि वंगण खरवडून काढायचे, मजुरी दिवसाला पन्नास सेंट. मग इंजिनात कोळसा टाकणारा फायरमन झाला. त्या काळी फायरमनच्या जिवाची शाश्वती नसे. एक मित्र इंजिनाखाली सापडून मेला, तेव्हा आईने धोसरा धरला आणि १८७४ साली युजीनने ती नोकरी सोडून किराण्याच्या घाऊक पेढीत कारकुनी पत्करली. पण रेल्वेची माणसे त्याने सोडली नाहीत. पुढच्याच वर्षी फायरमन लोकांच्या संघाची शाखा गावात निघाली, तिचा तो चिटणीस झाला, आणि पुढे सबंध संघाचा चिटणीस व त्यांच्या मासिकाचा संपादक.

१८७९ साली गावाने डेब्स ह्यांना नगराचे कारकून म्हणून निवडून दिले. त्या कामाची एक हकिगत सांगतात. रस्त्यावर उभ्या राहणाऱ्या बायकांना पोलिस धरून आणीत आणि त्यांना दंड बसे. डेब्स दंड लावायला तयार होईनात. ह्या बायकांना धरता, मग त्यांच्याकडे येणाऱ्या पुरुषांना आणि त्यांच्या जिवावर जगणाऱ्यांना का धरीत नाही, असे त्यांचे म्हणणे. वय पंचविशीच्या आसपास आणि लहान गाव. असे बोलायला सोपे नव्हते.

त्याच सुमारास त्यांनी सुसान अँथनी ह्या बाईंना व्याख्यानासाठी गावी बोलावले. अँथनीबाईंचे नाव आपल्यापैकी काहींनी ऐकले असेल. बायकांना मत नसताना १८७२ साली त्यांनी मतदान केंद्रावर जाऊन मत दिले, त्याबद्दल त्यांना अटक झाली, १८७३ साली खटला होऊन शंभर डॉलर दंड झाला. तो त्यांनी कधीच भरला नाही. मत देणे हाच ज्यांचा गुन्हा ठरला अशा ह्या बाई. डेब्स त्यांना घेऊन रस्त्याने निघाले, तेव्हा लोकांनी दोघांची टर उडवली. डेब्स चालत राहिले. पुष्कळ वर्षांनी, म्हणजे १९०५ साली, ती दोघे पुन्हा भेटली. त्या वेळी बाई त्यांना हसून म्हणाल्या की, आधी आम्हाला मत द्या, मग तुमचा समाजवाद आम्ही आणून देऊ. डेब्स ह्यांनी नेमके उलटे उत्तर दिले. दुसऱ्याच वर्षी बाई वारल्या.

इथे जरा आडवळण घेते. १८९३ साली शिकागोला मोठे प्रदर्शन भरले होते, त्यात कॅन्सासच्या एका बाईने करवून घेतलेले एक चित्र होते. मध्ये एक सुशिक्षित, प्रतिष्ठित बाई आणि तिच्या भोवती ज्यांना मत नाही असे इतर लोक: वेडा, मतिमंद, मूळ रहिवासी इंडियन आणि कैदी. बघा, आम्हाला कोणाच्या पंक्तीला बसवले आहे, असा त्या चित्राचा भाव. चित्र फार गाजले आणि बायकांच्या कामाला त्याचा उपयोगही झाला असेल. पण मला ते तितकेसे आवडले नाही. त्या पंक्तीतून बाई उठून गेली आणि कैदी तिथेच राहिला.

दक्षिणेकडच्या राज्यांत तर त्याच सुमारास गुन्हा आणि मत ह्यांची सांगड मुद्दाम घातली गेली. काळ्या लोकांना उघडपणे मत नाकारता येत नव्हते. म्हणून मिसिसिपीने १८९० साली आणि अलाबामाने १९०१ साली कोणत्या गुन्ह्यांनी मत जाईल ते असे ठरवले की, त्यात काळी माणसे अधिक सापडावीत.

डेब्स १८८५ साली राज्याच्या विधिमंडळात होते. कामावर जखमी झालेल्या रेल्वे कामगारांना कंपनीने भरपाई द्यावी असे बिल त्यांनी आणले. वरच्या सभागृहात त्याचे दात काढून टाकले गेले. पुन्हा ते तिकडे गेले नाहीत. त्याच वर्षी त्यांचे लग्न केट मेट्झेल ह्यांच्याशी झाले. मूलबाळ झाले नाही. केटबाईंना नवऱ्याचे राजकारण पसंत नव्हते, त्या जरा मानी होत्या, असे काही जण लिहितात. वर्षातले कित्येक महिने नवरा गावोगाव भाषणे देत फिरतो आहे, दोनदा तुरुंगात गेला आहे, आणि घर तर चालू राहिले. ते कोणी चालवले, हेही लिहायला हवे होते.

पहिला तुरुंगवास १८९४ च्या पुलमन संपातला. पुलमन कंपनी रेल्वेचे झोपण्याचे डबे बनवी. शिकागोजवळ तिने स्वतःचे गाव वसवले होते. घरे कंपनीची आणि भाडेही कंपनीच घेई. मंदी आली तेव्हा तिने मजुरी सुमारे पाव हिश्शाने कापली, भाडे मात्र तेवढेच ठेवले. जेनी कर्टिस नावाची शिवणखात्यातली तरुण मुलगी होती. तिचे वडील कंपनीत वर्षानुवर्षे काम करून वारले, आणि त्यांचे थकलेले साठ डॉलर भाडे कंपनीने ह्या पोरीच्या मजुरीतून वळते करायला घेतले. तिने हे कामगारांच्या सभेत उभे राहून सांगितले. डेब्स ह्यांनी आदल्या वर्षी सर्व रेल्वे कामगारांचा एक संघ काढला होता. त्या संघाने पुलमनचे डबे जोडलेल्या गाड्या चालवायच्या नाहीत असे ठरवले. काळ्या कामगारांनाही संघात घ्यावे असा आग्रह डेब्स ह्यांनी धरला होता, पण तो ठराव थोड्या मतांनी पडला.

गाड्या अडल्या. राष्ट्राध्यक्ष क्लीव्हलँड ह्यांनी फौज पाठवली, कोर्टाने मनाईहुकूम काढला आणि तो मोडला म्हणून डेब्स ह्यांना वुडस्टॉक गावच्या तुरुंगात सहा महिने बसावे लागले. १८९५ च्या नोव्हेंबरात सुटून ते शिकागोला आले, तेव्हा पावसात भिजत लाखभर माणसे स्वागताला उभी होती. तुरुंगात त्यांनी खूप वाचले. कामगारांचे दुखणे एकेका कंपनीपुरते नाही असे त्यांचे मत झाले आणि ते समाजवादी झाले. १९०० सालापासून ते राष्ट्राध्यक्षपदाला उभे राहू लागले. निवडून येण्याची आशा नव्हतीच, पण तरी उभे राहत. १९१२ साली त्यांना नऊ लाख मते पडली, म्हणजे शंभरात सहा.

पहिल्या महायुद्धात अमेरिका १९१७ साली उतरली. युद्धाच्या विरुद्ध बोलणाऱ्यांना धरण्यासाठी कायदा झाला. १६ जून १९१८ रोजी डेब्स ओहायो राज्यात कँटन गावी गेले. तिथल्या तुरुंगात त्यांच्या पक्षाचे तिघे जण होते. डेब्स आधी त्यांना भेटून आले आणि मग समोरच्याच बागेत भाषणाला उभे राहिले. भाषण सुमारे दोन तास चालले. सरकारचे लोक ते उतरवून घेत होते. त्याच महिन्याच्या अखेरीस त्यांना अटक झाली. सप्टेंबरात क्लीव्हलँड शहरात खटला चालला. डेब्स ह्यांनी आपल्या बाजूचे साक्षीदार आणले नाहीत. मी हे बोललो, असे कबूल करून ते स्वतःच पंचांसमोर बोलले. दहा वर्षांची शिक्षा झाली आणि जन्मभरासाठी मताचा हक्क गेला. मार्च १९१९ मध्ये वरिष्ठ न्यायालयानेही ती शिक्षा कायम केली. एका भाषणासाठी हे सगळे.

एप्रिलमध्ये त्यांना माउंड्सव्हिलच्या तुरुंगात नेले आणि जूनमध्ये अटलांटाला. त्यांची प्रकृती तोवर खालावली होती, हृदयाचे दुखणे होते. कैद्यांशी त्यांचे फार जमले. कोणाची पत्रे लिहून दे, कोणाचे गाऱ्हाणे ऐकून घे, असा त्यांचा दिवस जाई. बाहेरून काही खायला आले तर ते एकटे खात नसत. ह्या लोकांत राहून त्यांच्या लक्षात आले की, तुरुंगात येतो तो बहुतेक गरीब माणूस, ज्याला चांगला वकील करता आला नाही.

मे १९२० मध्ये पक्षाचे लोक तुरुंगात आले आणि त्यांनी डेब्स ह्यांना उमेदवारी दिली. उमेदवाराला आठवड्यातून एक पत्रक बाहेर पाठवायची मुभा मिळाली, तेही पाचशे शब्दांचे. त्यांच्या नंबराचे बिल्ले लोकांनी कोटाला लावले. मतमोजणीच्या रात्री तुरुंगाधिकाऱ्याच्या कचेरीत बसून त्यांनी निकाल ऐकले. हार्डिंग निवडून आले.

कायदा एक दार उघडे ठेवतो आणि त्याच्या शेजारचे बंद करतो, हे असे का, ते मला नीट उमगलेले नाही. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. पण आपल्याकडेही हे आहे, म्हणून सांगते. १९५१ च्या लोकप्रतिनिधित्वाच्या कायद्यात असे कलम आहे की, जो तुरुंगात किंवा पोलिसांच्या ताब्यात आहे त्याला मत देता येत नाही. शिक्षा झालेली असो की खटला अजून चालायचा असो, दोघे सारखेच. प्रतिबंधक कायद्याखाली स्थानबद्ध केलेल्याला मात्र टपालाने मत देता येते. सर्वोच्च न्यायालयाने १९९७ साली हे कलम योग्य ठरवले. पुढे २०१३ साली कायद्यात दुरुस्ती झाली, तेव्हापासून तुरुंगातल्या माणसाचे नाव मतदारयादीत राहते आणि मोठी शिक्षा झालेली नसेल तर त्याला निवडणुकीला उभेही राहता येते. जॉर्ज फर्नांडिस १९७७ साली तुरुंगात असतानाच बिहारमधल्या मुजफ्फरपूरहून लोकसभेवर निवडून आले, हे जुन्या मंडळींना आठवत असेल. उभे राहता येते, मत देता येत नाही. डेब्स ह्यांचीच गोष्ट.

आणि जामिनावर सुटला तर तो मत देतो. म्हणजे ज्याला जामीनदार मिळाला त्याला मत आहे, ज्याला मिळाला नाही त्याला नाही, गुन्हा दोघांचाही शाबीत झालेला नसताना. आपल्या देशातल्या तुरुंगांत चार माणसांपैकी सुमारे तीन अशीच आहेत, खटल्याची वाट बघणारी. आमच्या ओळखीच्या एका बाईचा मुलगा असाच आत होता. निवडणुकीच्या आधी घरोघर चिठ्ठ्या वाटतात, त्यात त्याच्या नावाचीही आली. तिने ती पिठाच्या डब्याखाली ठेवली आणि मतदानाचा दिवस गेला तरी फेकली नाही. कोणी म्हणेल, गुन्हेगाराला कशाला हवे मत? खून करणाऱ्याबद्दल बोलणे झाले तर मीही क्षणभर गप्प बसेन. पण ज्याचा गुन्हाच ठरलेला नाही त्याच्याबद्दल काय उत्तर द्यायचे?

डेब्स ह्यांच्या सुटकेसाठी देशभरातून अर्ज जात होते. राष्ट्राध्यक्ष विल्सन ह्यांनी १९२१ च्या आरंभी, पायउतार होण्यापूर्वी, माफीला नकार दिला. हार्डिंग आल्यावर मार्चमध्ये एक नवलाची गोष्ट घडली. सरकारच्या मुख्य वकिलाला डेब्स ह्यांच्याशी बोलायचे होते, म्हणून त्यांना वॉशिंग्टनला बोलावले. बरोबर शिपाई नाही, पहारा नाही. कैदी नंबर ९६५३ एकटे आगगाडीत बसून गेले, बोलणे करून एकटे परत आले आणि तुरुंगात हजर झाले. शेकडो मैल एकट्याने जाऊन परत येईल इतका ह्या माणसाचा सरकारला भरवसा होता. मतपत्रिका हातात द्यायला मात्र तो कैदीच होता.

१९२१ च्या नाताळच्या दिवशी हार्डिंग ह्यांनी त्यांना सोडले. माफी दिली नाही, फक्त राहिलेली शिक्षा कमी केली, त्यामुळे नागरिकत्वाचे गेलेले हक्क परत मिळाले नाहीत. ते फाटकाकडे निघाले तेव्हा दोन हजारांवर कैदी गजांशी येऊन ओरडत होते. डेब्स वळले, हॅट उंच धरली आणि त्यांना रडू आवरेना. सुटणाऱ्या कैद्याला पाच डॉलर देत. ते त्यांनी साको आणि व्हांझेट्टी ह्या दोन इटालियन मजुरांच्या खटल्याच्या निधीला पाठवून दिले. वाटेत वॉशिंग्टनला राष्ट्राध्यक्षांना भेटून मग ते गावी आले. गाव सगळे स्टेशनवर लोटले होते.

ते सुटले त्याच वर्षी आपल्या मुंबई इलाख्यात विधिमंडळासाठी बायकांना मताचा हक्क मिळाला, तोही मालमत्तेची अट पुरी करणाऱ्या थोड्याजणींना. दोन्ही बातम्या एकाच वर्षाच्या, म्हणून लिहिले.

अमेरिकेत ह्याबद्दल आजही राज्याराज्याचा कायदा वेगळा आहे. मेन आणि व्हरमाँट ह्या दोन राज्यांत तुरुंगातला कैदीसुद्धा मत देतो. डेब्स ह्यांच्या इंडियानात मोठ्या गुन्ह्याची शिक्षा झालेला माणूस तुरुंगाबाहेर आला की त्याला पुन्हा मत मिळते, मग तो अजून सरकारी देखरेखीखाली असला तरी. ज्या जॉर्जिया राज्यात अटलांटा आहे तिथे मात्र देखरेखीचा काळसुद्धा संपावा लागतो. माणूस घरी राहतो, कामावर जातो, कर भरतो, ठरल्या दिवशी अधिकाऱ्यापुढे हजेरी लावतो, आणि निवडणूक आली की रांगेत उभा राहू शकत नाही. ह्यूगोच्या गोष्टीतला पिवळा कागदच तो.

सुटल्यावर डेब्स ह्यांची तब्येत कधी नीट झाली नाही. त्या अवस्थेतही त्यांनी तुरुंगांविषयी लिहिले. ते लेख वॉल्स अँड बार्स ह्या नावाने पुस्तकरूपाने निघाले १९२७ साली, पण ते पाहायला डेब्स नव्हते. २० ऑक्टोबर १९२६ रोजी इलिनॉय राज्यात एल्महर्स्ट येथल्या आरोग्यधामात ते वारले. सरकारने त्यांचे हक्क तोवर परत दिलेले नव्हते. त्यांना टेरे होटला आणले आणि घराच्या ओसरीवरूनच लोकांनी त्यांचा निरोप घेतला. केटबाई १९३६ साली गेल्या. ते घर आज संग्रहालय म्हणून जपले आहे.